फुलीवरची सही

१

झाकण खुळखुळलं.

दुपारचे साडेबारा वाजले होते. सिद्धांत कसाबसा झोपला होता आणि घरात पंख्याचाही आवाज नव्हता, कारण वीज गेली होती. फोन मुका करून मी पिठाच्या डब्यावर ठेवला होता. त्या डब्याचं झाकण सैल आहे, हे विसरले. फोन थरथरला आणि झाकण असं वाजलं की पाळण्यात सिद्धांतनं दोन्ही मुठी उघडल्या. मी झडप घालून फोन उचलला.

"धम्मा, फाइल गेली." महेश्वरी होती.

"गेली म्हणजे?"

"काल चार वाजता माझ्या हातानं कपाटात ठेवली. कुलूप लावलं. आत्ता तुझ्यासाठी काढायला गेले तर न्हाईच की. कुलूप जसंच्या तसं."

महेश्वरी आणि मी अकरावी-बारावीला एका बाकावर होतो. तिचं लग्न शेळगीतल्या धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात झालं. मी गाड्यांचे कागद करणारी झाले. नवी नोंदणी, नाव बदलणं, कर्जाचा बोजा उतरवणं. बाळंतपणाआधी आरटीओच्या फाटकासमोर माझं टेबल असायचं, आता स्वयंपाकघरातला ओटा आहे.

तिचा नवरा मंजुनाथ केनियातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. मी त्यांना मंजूदादा म्हणायची. तिथं घेतलेली त्यांची गाडी जहाजानं मुंबईला आणि ट्रकवरून सोलापूरला आली, त्याला तीन आठवडे झाले होते. अजून नंबर नव्हता. दीर शरणप्पा रोज "करतो, वहिनी" म्हणायचा आणि करायचा नाही. शेवटी काल सासऱ्यांच्या कपाटात तिला कागदांची हिरवी फाइल दिसली. वरच्या पानाचा फोटो काढून तिनं मला पाठवला आणि फोनवर हसत सुटली. "नाव वाच की. माझं हाय! माझ्या नावावर पाठवलीय त्यांनी गाडी."

खरंच होतं. कस्टमच्या त्या कागदावर, आयात करणाऱ्याच्या रकान्यात महेश्वरीचं नाव होतं. मला तेव्हाच काहीतरी टोचलं होतं. पण सिद्धांत रडायला लागला आणि राहून गेलं.

"येते," मी म्हटलं.

"लेकराला घेऊन?" आत्याबाई दारातून म्हणाल्या. भीमाबाई माझ्या सासूबाई. त्यांना फोनवरचं सगळं ऐकू येतं, समोरचं येत नाही. "चोरी पकडाय चाललीस व्हय? फौजदारीण! टोपडं तरी घाल त्याला."

२

शेळगीतल्या घराला समोर अंगण, अंगणात पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडी. पांढरी, साधी, आपल्याकडेही मिळते तसलीच. पुढं-मागं नंबराची पाटी नाही, म्हणून डोळे असून चेहरा नसल्यासारखी दिसत होती.

आत कुणीतरी बसलं होतं.

मी दचकले. चनबसप्पा होते, महेश्वरीचे सासरे, घरातले अप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, हात मांडीवर. काचा वर, इंजिन बंद, बाहेर ऑगस्टचं ऊन. डावीकडच्या सीटवर बसून ते समोरच्या पत्र्याकडे बघत होते. उजवीकडची, चालवणाऱ्याची सीट रिकामी. ती पार मागं सरकवलेली होती, उंच माणसासाठी.

"रोज बसतात," महेश्वरी हळूच म्हणाली. "पहाटे एकदा, मार्केट यार्डातून आले की एकदा. आमची चिन्नू परवा स्टेअरिंगपाशी बसली तर असे ओरडले! सहा वर्षांची पोर, दिवसभर बोलली न्हाई."

महेश्वरीला आठवा महिना लागला होता. एक हात कमरेवर ठेवून ती माझ्यापुढं चालत होती. मी सवयीनं गाडीच्या चाकांकडे पाहिलं. सोलापुरात साधी सायकल आणली तरी चाकाखाली लिंबू जातं, नारळ फुटतो, सिद्धेश्वराला एक फेरी होते. इथं लिंबाची सालसुद्धा नव्हती. कुंकवाचा ठिपका नाही.

"पूजा?"

"अप्पा म्हणतात, मंजू आल्यावर."

कपाट सासऱ्यांच्या खोलीत होतं. फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोन होत्या, एक अप्पांच्या बंडीच्या खिशात आणि दुसरी देव्हाऱ्यामागे खिळ्याला. ती काल महेश्वरीनं घेतली होती आणि परत टांगली होती. म्हणजे घरातलं कुणीही घेऊ शकत होतं. चिन्नूचा हात मात्र तिथवर पोचत नव्हता.

फाइल जिथं होती तो कप्पा मी बघितला. बाकीचं सगळं जागेवर. बँकेची पुस्तकं, घराचा उतारा, सोन्याची डबी. त्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं. कोपऱ्यात कडुलिंबाचं एक सुकं पान पडलं होतं.

"साड्यांत ठेवतो आपण, त्यातलं असंल," महेश्वरी म्हणाली.

"या कपाटात साड्या कुठायत?"

तिनं खांदे उडवले.

फाइल सापडेपर्यंत माझे फॉर्म तरी भरून घ्यावेत म्हणून मी पिशवीतून संच काढला. सही करायची तिथं मी घरीच पेन्सिलनं बारीक फुल्या मारून आणते. आमच्या धंद्यात सगळेच मारतात. माणसानं पानं उलटायची, फुलीवर सही करायची, मग आम्ही फुली खोडून टाकायची. वाचत कुणी नाही. वाचायला लागलं तर उलट आम्हालाच राग येतो.

महेश्वरीनं पाच सह्या पंचवीस सेकंदांत केल्या.

"भारी हात बसलाय," मी म्हटलं.

"बसंल न्हाई तर काय! मे-जूनमध्ये भावजींनी मुंबईचे कागद आणले तेव्हा सतरा फुल्या होत्या. मोजल्या मी."

"काय होतं त्यात?"

"मला काय माहीत? इंग्रजी. स्टँपपेपर." ती पेनाचं टोपण लावत म्हणाली, "तू वाचायला देतीस व्हय कुणाला?"

ती हसली नाही. मी तिच्याकडे पाहिलं, तेवढ्यात आतून तिच्या सासूबाईंची, अव्वांची, हाक आली. "महेश्वरी, त्या बाईला जेवाय वाढ की! लेकुरवाळी हाय."

ताटात आमटी होती, शेंगाचटणी होती आणि पाकिटातली विकतची कडक भाकरी.

"आजी कालपास्नं हेच देती," चिन्नू माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "दळण न्हाई म्हणती."

मी भाकरी मोडली. कुर्रर्र असा आवाज झाला. धान्याच्या व्यापाऱ्याचं घर, आणि दळण नाही.

३

शरणप्पा दोन वाजता आला. तिशीचा, रुंद खांद्यांचा, डोळ्यांखाली काळं. फाइल गेल्याचं ऐकून तो दारातच थांबला. मग एकच शब्द, "कधी?"

"काल चारनंतर," मी म्हटलं.

"वहिनी, तुमी उघडली व्हती?"

"वरचं पान बघितलं फक्त. तेवढ्यात अव्वा आल्या, म्हणून ठेवून दिली."

त्यानं श्वास सोडला. मला तो ऐकू आला. फाइल गेली याची भीती नव्हती ती. फाइल उघडली की काय, याची होती.

"शरणभाऊ, तुम्ही काढलीत का?" मी सरळ विचारलं.

"मी? मला काय करायची? मीच गोळा केलेले कागद ते. आफ्रिकेत जाऊन आणले."

"तुम्ही आफ्रिकेत गेला होतात?"

"मेच्या पयल्या आठवड्यात. दादाला गाडी पाठवाय मदत पायजे हुती." तो माझ्याकडे न बघता सिद्धांतच्या पायातल्या वाळ्याशी खेळत होता. "पंधरा दिवस होतो."

"दादा बरे आहेत ना?"

"कामात असतोय."

अप्पा गाडीतून उतरून आत आले होते. फाइलचं कळल्यावर ते कपाटापाशी गेले आणि एकेक वस्तू बाहेर काढून जमिनीवर मांडू लागले.  रिकामा कप्पा त्यांनी तळहातानं चाचपला, जणू फाइल डोळ्यांना दिसत नसेल पण हाताला लागेल. "शरण, तू न्हाई ना रे?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. तेवढं मला कळतं. शरणप्पानं मान हलवली. दोघंही खरोखर शोधत होते.

"अप्पा, नोंदणीची एवढी घाई नसेल तर हरकत नाही," मी चाचपून पाहिलं. "मुंबईहून नकला मिळतील."

"नगं!" ते एकदम वळले. मग आवाज उतरवून म्हणाले, "नगं, बाई. मंजू येऊ दे. दिवाळीला येनार हाय. गाडी उभी ऱ्हाऊ दे तवर."

"पण अप्पा, मग एवढ्या खटपटीनं आणवली कशाला?"

 ते गळ्यातला लिंगाचा दोरा बोटांनी फिरवत उभे राहिले.

मी महेश्वरीकडे वळले. "मंजूदादांनाच मेसेज टाक. त्यांच्याकडे प्रती असतील."

"फोन करत न्हाई ते. कारखान्यात नवीन नियम, बोलायचं न्हाई म्हणे. मेसेजच." तिनं फोन घेतला आणि टाइप करायला लागली. पूर्वी मंजूदादा हिला कन्नडमधून लांबलचक बोलून पाठवायचे. ती मला ऐकवायची, मधेच स्वतःच लाजून बंद करायची. "पाठवला," ती म्हणाली.

आतल्या खोलीत चिमणी चिवचिवली. दोनदा.

शरणप्पाचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशातला त्याचा फोन गप्प होता.

"काकाच्या खोलीत चिमणी हाय," चिन्नू मला समजावून सांगू लागली. "पन दिसत न्हाई. लई शोधली मी."

 शरणप्पा उठला. "पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि आत गेला. माठ बाहेर, ओसरीत होता.

दोन मिनिटांनी महेश्वरीचा फोन वाजला. तिनं तो माझ्यापुढं धरला.

प्रती नाहीत. घाई करू नको. मी आल्यावर बघू. जेवलीस का?

४

सिद्धांतला खांद्यावर घेऊन मी शेडमागे गेले.  माझ्या मैत्रिणीशी इतके महिने कोण बोलत होतं? आणि ज्याचा फोन होता तो माणूस कुठं होता? शरणप्पाचे ते रुंद खांदे आठवले. बाळाच्या वाळ्याशी खेळणारी बोटं आठवली. आफ्रिकेत पंधरा दिवस. गेला एकटा, आला एकटा, आला तो भावाचा फोन घेऊन.

मी महिपतीकाकांना फोन लावला. बार्शीचे, पण पस्तीस वर्षं मुंबईच्या बंदरात कस्टममधून गाड्या सोडवण्याचं काम करतात. कागद वाचायला मी त्यांच्याकडे शिकले.

"बोल, पोरी. बाळ काय म्हणतंय?"

"काका, बाहेर वापरलेली गाडी, आयात बाईच्या नावावर. नवरा तिकडं, तो आलेला नाही."

"बाईचा पासपोर्ट?"

"तिनं पासपोर्ट काढलेलाच नाही."

"मग तिच्या नावावर कशी येईल? जुनी गाडी म्हणजे काय लाडूचा डबा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवला? माणूस तिकडचं घर मोडून कायमचा परत येतो, तो आपली गाडी आणू शकतो. तीही त्याच्याच नावावर, त्याच्या पासपोर्टावर." पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "गाडी फार भारी आहे का?"

"साधी आहे. इथंही मिळते."

"आणि ड्युटी भरली? अगं, गाडीच्या किमतीहून जास्त बसते ती. तेवढ्यात इथं दोन नव्या आल्या असत्या. साध्या गाडीसाठी एवढं कोण करतं?"

मी शेडकडे पाहिलं. अप्पा पुन्हा जाऊन डावीकडच्या सीटवर बसले होते.

"काका, दुसरं दार नाहीच का?"

पलीकडचा कागदांचा आवाज थांबला. मग त्यांचा आवाज बदलला.

"आहे एक. तिकडं राहणारा नातलग वारला, तर त्याची गाडी इथले वारस आणू शकतात. मयताचा दाखला लागतो, वारसांची प्रतिज्ञापत्रं लागतात. पोरी, बाईच्या नावावर आली असेल, तर बाई वारस आहे."

सिद्धांतनं माझी वेणी ओढली. मी ओढू दिली.

५

महेश्वरीच्या फाइलमध्ये काय होतं ते आता मला कळलं होतं. फाइल कुणी नेली ते मात्र कळलं नव्हतं.

मी ओसरीच्या पायरीवर बसले आणि क्रमानं विचार केला. अप्पांनी नेली नाही, कारण त्यांनी तो रिकामा कप्पा चाचपला होता आणि ते हात खोटे नव्हते. शरणप्पानं म्हणाल, तर त्याला काय लपवायचं होतं? एक दाखला आणि दोन-चार प्रतिज्ञापत्रं. त्यानं तेवढीच पानं काढून घेतली असती. उरलेली फाइल कपाटात राहिली असती, कुणाला पत्ता लागला नसता, आज मला बोलावणंही झालं नसतं. ज्याला वाचता येतं तो पान चोरतो.

अख्खी फाइल कोण नेतं? ज्याला यातलं नेमकं कुठलं पान नको, ते कळत नाही.

या घरात वाचता न येणारी माणसं दोनच होती. एक चिन्नू, पहिलीतली, आणि तिचा हात खिळ्याला पोचत नव्हता.

स्वयंपाकघरात चंद्रव्वा लसूण सोलत बसल्या होत्या. मंजूदादांची आई. त्यांच्या पाठीशी पत्र्याचं मोठं पिंप, आणि पिंपाला त्या पाठ टेकून बसल्या होत्या.

"अव्वा, ज्वारी संपली?"

"संपल कशी? मागच्याच म्हैन्यात भरलंय."

"मग दळण का नाही?"

लसणाची पाकळी त्यांच्या हातातच राहिली.

"ज्वारीला कीड लागू नये म्हणून कडुलिंब घालता ना," मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. "तुमच्या पदराला पाला चिकटला असणार. एक पान कपाटात पडलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सिद्धांतकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग लसणाचं ताट बाजूला सारलं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"नगं सांगू." त्या फार हळू बोलत होत्या. "बाळंत होऊ दे तिला. मग मी सांगते. हे दोगं बाप-ल्योक मला बी सांगत न्हाईत. म्हातारी मरंल म्हणत्यात."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

त्या उठल्या. फडताळाच्या वरच्या फळीवरून, पितळी तांब्यामागून, त्यांनी एक स्टीलचा डबा काढला. झाकण चिकटपट्टीनं गोल बांधलेलं, पट्टीवर विमानतळाची चिकटवलेली चिठ्ठी अजून तशीच.

"शरण आफ्रिकेला निघाला तवा ही शेंगाचटणी दिली मी. मंजूला लई आवडती. कुनी बी तिकडं जाऊ दे, मी डबा देते. आन् पंद्रा दिसांनी हा आला, आन् हा डबा पिशवीतनं काढून ठिवला. भरल्याला." त्यांनी डब्यावरून हात फिरवला. "माजा मंजू चटणी परत धाडंल व्हय गं?"

 त्यांनीच पुढं सांगितलं, सपाट आवाजात. घरात कुणी रडू नये म्हणून त्या तीन महिने कुकरच्या शिट्टीत रडत होत्या. बाहेर पोतं टाकून झोपणारा म्हातारा आता रोज पहाटे गाडीत जाऊन बसतो, पोराच्या शेजारी बसल्यासारखा. काय झालं, कसं झालं, त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. "काल ही फाइल घेऊन उभी दिसली. कंच्या कागदावर काय हाय मला काय कळतंय? समदीच घातली ज्वारीत."

"अव्वा, आज ना उद्या गाडी नोंदायची म्हटली की महेश्वरीला साहेबासमोर उभं राहावं लागेल. तिच्या नावावर आहे गाडी. खिडकीतला माणूस कागद बघणार आणि मोठ्यानं विचारणार, मयत तुमचे कोण?" मी थांबले. "ते तिनं खिडकीतून ऐकायचं का?"

"नोंदूच नगं गाडी. सडू दे."

"तिला माहीत आहे, अव्वा."

"काय?"

"मेसेज गेला तेव्हा आत चिमणी वाजली. मी वळून बघितलं, शरणभाऊ दचकले, चिन्नू बोलली. महेश्वरीची मान वळली नाही. तो आवाज तिला नवा नव्हता. ती किती दिवसांपासून मेसेज पाठवतेय आणि भिंतीपलीकडची चिमणी ऐकतेय, देव जाणे. नंबरासाठी नाही बोलावलं तिनं मला. तिला कागद वाचायचे होते, आणि एकटीनं वाचायचं धाडस नव्हतं."

चंद्रव्वा पिंपाकडे वळल्या. मग झाकण काढलं, दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीत घातले. दाणे सळसळले. हिरवी फाइल वर आली तेव्हा तिच्या दोरीत कडुलिंबाच्या काड्या अडकलेल्या होत्या.

मी हात पुढं केला. त्यांनी दिली नाही.

"माजी मी देते," म्हणाल्या.

६

महेश्वरी ओसरीत पाय लांब करून बसली होती. चंद्रव्वांनी फाइल तिच्या मांडीवर ठेवली आणि तिच्याशेजारी, खांद्याला खांदा लावून, खाली बसल्या. फाइलवरून चार दाणे घरंगळले.

महेश्वरीनं विचारलं नाही, कुठं सापडली. दोरी सोडली. पानं उलटू लागली. प्रत्येक स्टँपपेपरवर खाली तिची सही होती, गोल, शाळेतल्यासारखी. सहीच्या बाजूला पेन्सिलची फुली तशीच.

"खोडल्याबी न्हाईत," ती म्हणाली.

मग तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं, बारावीत वर्गात दुसरी आली होती ती. पहिल्या ओळीत तिचं नाव. दुसऱ्या ओळीत बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं, मयत मंजुनाथ यांची विधवा. खाली तिचीच सही. ते बोट तिथून हलेना.

अप्पा शेडमधून येऊन खांबाला धरून उभे होते. शरणप्पा दारात.

"कशानं?" तिनं विचारलं.

"वाफेची लाइन फुटली," शरणप्पा म्हणाला. "बावीस एप्रिलला. कारखान्यातच. मी गेलो तवर..." त्यानं दाराची चौकट धरली. "तिकडनं आणण्यासारकं न्हवतं, वहिनी. तितंच माती दिली. मी दिली. अप्पा फोनवर म्हणाले, पोरगं न्हाई आणता येत, तर त्याचं जे काय आसंल ते आण. शेवटी ज्याच्यात बसून कामाला गेला ती तरी आण. तुमच्या सहीबिगर येत न्हवती."

"फुल्या कुणी मारल्या?"

"मी."

ती पानाकडे बघत राहिली. "मी नऊ मेला एक मेसेज टाकला होता, भावजी. बाळ पहिल्यांदा हललं म्हणून."

शरणप्पाचा चेहरा वेडावाकडा झाला.

"उत्तर आलं, सांभाळून राहा. ते तुमी लिहिलं."

"व्हय, वहिनी."

"त्यांना कळलंच न्हाई मग."

शरणप्पानं खिशातून दुसरा फोन काढला, काच तडकलेला, आणि तिच्यापुढं जमिनीवर ठेवला. दोन्ही हातांनी, पाया पडताना ठेवतात तसा. महेश्वरीनं तो उचलला नाही. चंद्रव्वांनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "आता रड, यवा," त्या म्हणाल्या, "किती दिस वाट बघितली मी, तुज्यासंगं रडायची."

त्या दोघींचा तसला आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, पुन्हा ऐकू नये असं वाटतं. अप्पा खांबाला टेकत टेकत खाली बसले. मी माझ्या पिशवीतला फॉर्मांचा संच काढला. तिनं दुपारी न वाचता केलेल्या पाच सह्या त्यावर होत्या. तो मधोमध फाडला आणि पिशवीत ठेवला. परत भरू. ती वाचेल, मग सही करेल. तिला हवी असेल तर.

चिन्नू कुठं दिसेना. मी सिद्धांतला कडेवर घेऊन शेडकडे गेले.

ती गाडीत होती. उजवीकडच्या सीटवर, स्टेअरिंगला दोन्ही हातांनी धरून. आज ओरडायला कुणी नव्हतं. पाय खाली लोंबत होते, पेडलपासून हातभर लांब. मला बघून ती दचकली, मग मी ओरडत नाही असं पाहून जरा सरकली. सीटखाली एक दांडा होता, तो तिच्या हाताला लागला.

"चिन्नू, नको..."

खट्. खट् खट्. सीट सरसर पुढं आली आणि थांबली.

चिन्नू पाय टेकले म्हणून हसली. मग हसू थांबलं. तिनं मागं वळून मोकळ्या झालेल्या जागेकडे बघितलं, ओसरीतल्या आजोबांकडे बघितलं, आणि दांडा धरून मागं रेटायला लागली. सीट कुठल्यातरी भलत्याच खाचेत अडकली.

"मावशी," ती रडवेली होऊन म्हणाली, "तुमच्या कागदांत गाडीचं समदं लिवलेलं असतंय की. पप्पांची सीट कुठवर होती, ते कंच्या कागदावर हाय?"